जुना वाडा पाडायचा की राहता करायचा? आधी पाणी, मग भावकी, मग फरशी

सातारा/सांगली : दिवाळीला सगळी भावंडं गावी जमली की एक विषय हमखास निघतो. वाड्याचं काय करायचं? सोप्यातली एक तुळई खचलेली असते, मागच्या पडवीची कौलं गळत असतात आणि माजघरातल्या भिंतीचे पोपडे हाताला लागतात. पुण्याहून आलेला म्हणतो, पाडा आणि स्लॅबचं बांधू. गावात राहणारा म्हणतो, पैसे कोण देणार? म्हातारी आई काहीच बोलत नाही. असं करत दहा-बारा दिवाळ्या जातात, आणि एखाद्या जुलैत मागची भिंत बसते. मग निर्णय आपोआप होतो.

वाई, कराड, फलटण, मिरज, तासगाव, औंध ही जुन्या वाड्यांची गावं. पण त्यांच्या आसपासच्या खेड्यांतही पाटील-कुलकर्ण्यांचे, सावकारांचे, बऱ्या शेतकऱ्यांचे चौकाचे किंवा बिनचौकाचे वाडे शेकड्यांनी आहेत. त्यातले सगळे वाचतील असं नाही, आणि सगळे वाचवावेत असंही नाही. पण जे वाचण्यासारखे आहेत, त्यांतले बरेच दुर्लक्षाने जात नाहीत. ते चुकीच्या दुरुस्तीने जातात. दीडशे वर्षं उभी असलेली भिंत सिमेंटचा गिलावा मारल्यावर दहा वर्षांत भुसभुशीत होते. असं का होतं आणि त्याच वाड्यात गॅसची शेगडी, संडास-बाथरूम, गीझर आणि मुलांच्या अभ्यासाची खोली कशी बसवायची, ते इथे पाहू.

वाडा म्हणजे लाकडाचा सांगाडा

आपल्याकडचा वाडा उभा असतो तो मुख्यतः लाकडावर. खाली काळ्या दगडाचं जोतं, जोत्यावर तळखडे, तळखड्यावर सागाचे खांब, खांबावर तुळया, तुळयांवर कडीपाट. भिंती जाड असतात, दोन-अडीच फुटांच्या. खाली दगड, वर पातळ विटा किंवा पांढऱ्या मातीचं काम, जोडायला चुना नाहीतर माती. बऱ्याच वाड्यांत माडीचं निम्मं ओझं खांबांवर आणि निम्मं भिंतींवर असतं. त्यामुळे ‘ही मधली भिंत काढून हॉल मोठा करू’ असं म्हणण्याआधी कडीपाटाच्या कड्या कुठे टेकल्यात ते वर बघावं. कड्यांचं टोक त्या भिंतीत शिरलेलं असेल तर तिला हात लावायचा नाही. आणि खांब? खांब कुणी काढू म्हणालं तर त्या मिस्त्रीला चहा पाजून परत पाठवावं.

छपराचे आपल्या दोन जिल्ह्यांत दोन तऱ्हा. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणून जावळी, पाटण, वाई या बाजूला उताराची कौलारू घरं. माण, खटाव, आटपाडी, जतकडे पाऊस पाचशेच्या आसपास, तिथे मातीचं माळवद. आता एक हिशोब बघा. दहा फूट बाय दहा फूट खोलीवर पाच इंची स्लॅब टाकला तर त्याचं वजन साधारण तीन टन होतं. त्याच खोलीवर फूटभर मातीचं माळवद असेल तर साडेचार ते पाच टन. आणि मंगलोरी कौलं, वासे-रिपा धरून, अर्ध्या टनाच्या आसपास. म्हणजे कौलारू घरावर स्लॅब टाकणारा माणूस जुन्या भिंतींवर सहापट ओझं चढवतो. उलट माळवदाच्या घरात दरवर्षी वर माती टाकून टाकून जो थर वाढलेला असतो, तो कमी केला तरी घराचा जीव हलका होतो.

हे ओझ्याचं का सांगायचं? कारण आपण कोयनेच्या शेजारी राहतो. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा भूकंप पाटण तालुक्यातले जुने लोक अजून विसरलेले नाहीत. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. पुढे 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीला जे झालं त्यात सर्वांत जास्त माणसं दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरच्या माळवदाच्या ओझ्याखाली दबली. तिथे एक गोष्ट अभियंत्यांच्या लक्षात आली. जाड दगडी भिंत दिसायला एक असली तरी आत ती दोन भिंती असते : बाहेरचा एक थर, आतला एक थर आणि मध्ये कपच्या-मातीची भर. या दोन थरांना बांधणारे आरपार दगड नसतील तर हादऱ्याने दोन्ही थर सुटतात आणि बाहेरचा ढासळतो. आपण ज्याला ‘भिंतीला पोट आलं’ म्हणतो ते याच सुटण्याचं पहिलं लक्षण. ओळंबा लावून बघा. वर आणि खाली टेकतोय आणि मध्ये भिंत पुढे आलीय, तर ते काम पहिलं.

उपायही किल्लारीनंतरच रूढ झाला. भिंतीत साधारण दर तीन-साडेतीन फुटांवर एकेक दगड सावकाश काढून आरपार भोक करायचं, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. हा झाला हाताने केलेला आरपार दगड. शिवाय खांब आणि तुळई जिथे भेटतात त्या कोपऱ्यात लाकडाचे तिरके टेकू द्यायचे, म्हणजे सांगाडा बाजूला कलत नाही. पोट फारच आलं असेल तर वरचं ओझं जॅकवर घेऊन तेवढा भाग उतरवून पुन्हा रचावा लागतो. हे काम बघायला स्ट्रक्चरल इंजिनिअर हवा, फक्त गवंडी नको. त्याची फी जास्त वाटते खरी, पण एका खोलीच्या फरशीपेक्षा ती बहुतेक वेळा कमीच भरते.

पाणी कुठून येतं ते आधी शोधा

जुनं घर पाण्याने पडतं. वरून, खालून आणि बाजूने. पैकी वरचं दिसतं म्हणून आपण कौलं बदलतो आणि समाधान मानतो.

खालचं पाणी जास्त वाईट. गेल्या वीस-तीस वर्षांत गावोगाव सिमेंटचे रस्ते झाले. दर वेळी जुन्या रस्त्यावरच नवा थर पडला आणि रस्ता वर आला. जे जोतं आजोबांच्या काळी तीन पायऱ्या उंच होतं ते आता एका पायरीवर आलंय. कुठे कुठे तर उंबऱ्याला रस्ता लागलाय. पावसाचं पाणी रस्त्यावरून सरळ जोत्यात शिरतं, भिंतीत चढतं, आणि दोन-तीन फुटांवर पांढरा लोणा फुटतो. भिंतीत वर चढलेलं पाणी वाळताना सोबतचे क्षार बाहेर सोडतं, तेच हे.

पूर्वी तो ओलावा चुन्याच्या किंवा मातीच्या गिलाव्यातून निघून जायचा. सिमेंट त्याला बाहेर पडू देत नाही. मग पाणी आणखी वर चढतं, चार फूट, पाच फूट, आणि शेवटी जिथे कड्यांची टोकं भिंतीत शिरलेली असतात तिथे पोचतं. लाकूड आतून कुजतं. बाहेरून भिंत छान गुळगुळीत दिसते, आणि एक दिवस माडी बसते. ऑइलपेंट आणि प्लॅस्टिक पेंटचं थोड्याफार फरकाने हेच. जुन्या मातीच्या जमिनीवर व्हिट्रीफाइड टाइल्स बसवल्या तरी हेच, कारण जमिनीतली वाफ टाइलखाली अडते आणि भिंतीकडे वळते. शहाबादी किंवा कडप्पा चुन्यात बसवला तर सांध्यातून वाट राहते. चकाकी कमी, घर जास्त.

तेव्हा पहिला खर्च गटारावर. भिंतीपासून दोन-तीन फुटांवर पक्कं गटार, आणि भिंतीपासून गटारापर्यंत बाहेरच्या बाजूला उतार. रस्त्याचा थर आणखी चढणार असेल तर ग्रामपंचायतीत आधीच अर्ज देऊन जुना थर खरवडूनच नवा टाका म्हणून सांगायला हवं. हे एकट्याने सांगून कुणी ऐकत नाही, आळीने मिळून सांगितलं तर ऐकतात.

वळचण हा दुसरा मुद्दा. कौलारू छपराची वळचण भिंतीच्या दोन-अडीच फूट बाहेर असते, पागोळ्या लांब पडतात. कौलं काढून स्लॅब टाकताना ती वळचण जाते, आणि मातीच्या भिंतीवर थेट सपकारे बसायला लागतात. ‘स्लॅब टाकल्यापासून भिंती ओल्या राहतात’ ही तक्रार पाटण-जावळीकडे कुणालाही विचारा. छप्पर बदलायचंच असेल तर उतार आणि वळचण ठेवून बदला. फुटकी कौलं बदला, खाली फळ्या किंवा पत्र्याचा एक थर द्या, काही ठिकाणी काचेची कौलं घाला. एका अंधाऱ्या माजघराला चार काचेची कौलं जेवढा उजेड देतात तेवढा भिंत फोडून केलेली खिडकी देत नाही.

कृष्णाकाठच्या लोकांसाठी मात्र वेगळं सांगितलं पाहिजे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं, 2021 च्या जुलैत पुन्हा महापूर आला, 2005 चा तर होताच. पलूस, मिरज, वाळवा, शिरोळकडच्या ज्या घरांत तिन्ही वेळा माणसाच्या उंचीएवढं पाणी होतं, तिथे पांढऱ्या मातीच्या भिंतीवर पुन्हा पैसा घालणं शहाणपणाचं नाही. मातीची भिंत पाणी चढताना नाही, बहुतेक वेळा पाणी उतरल्यावर बसते. दगडी भिंत आणि सागाचा सांगाडा टिकला असेल तर मातीचा भाग काढून त्या जागी पक्क्या विटा चुन्यात रचता येतात, विजेचे बोर्ड छातीच्या वर नेता येतात, धान्य आणि कागदपत्रं माडीवर ठेवता येतात. पण सांगाडाच सरकला असेल तर वाडा उतरवून लाकूड वाचवणं बरं.

चुना कुठे मिळतो आणि कोण लावतो

दरवेळी हाच प्रश्न येतो. कळीचा चुना अजून मिळतो. तो पाण्यात विरवताना उकळतो, वाफा येतात, शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून पोरांना लांब ठेवून, चष्मा-हातमोजे घालून करायचं. विरवलेला चुना निदान दोन-तीन आठवडे पाण्याखाली मुरू द्यायचा. जास्त मुरला तर आणखी चांगला. मग एक भाग चुना, तीन भाग वाळू, आणि ओलीच्या जागी विटांचा चुरा म्हणजे सुरखी. गूळ, हिरडा, मेथीचं पाणी जुने गवंडी घालायचे. त्यातल्या प्रत्येकाचं प्रमाण गावागणिक वेगळं, तेव्हा माहीत असलेल्या गवंड्यानेच घालावं.

चुना सिमेंटसारखा रात्रीत घट्ट होत नाही. हवेतला कार्बन वायू घेऊन तो हळूहळू पुन्हा दगड होतो, महिनोन्महिने. म्हणून थर पातळ द्यायचे, एक वाळला की दुसरा, उन्हापासून गोणपाटाने झाकायचं, दोन आठवडे शिंपत राहायचं. घाईचा गवंडी इथे चालत नाही. त्याला ‘थोडं सिमेंट टाकू का, लवकर धरेल’ असं विचारायची सवय असते. नाही म्हणा. रोजंदारीवर काम द्या, फुटावर देऊ नका. फुटावर दिलेलं चुन्याचं काम घाईतच होतं.

चुन्याचं, लाकडाचं जतन केलेलं काम डोळ्यांनी बघायचं असेल तर लांब जायला नको. खंडाळा तालुक्यातल्या नायगावला सावित्रीबाई फुले यांचं जन्मघर सरकारने जतन करून ठेवलंय. सावित्रीबाईंचा जन्म 3 जानेवारी 1831 चा, म्हणजे घर त्या काळातल्या खेड्यातल्या बऱ्या कुटुंबाचं. आपल्यापैकी बहुतेकांचे वाडे त्याच मापाचे असतात. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा सहा चौकांचा वाडा आहे. ‘स्वदेस’ सिनेमात पाहिलेला मेणवलीचा घाट त्याच्याच मागे. तो फार मोठा, पण कडीपाट, तुळया, भिंतीतला जिना कसा असतो ते तिथे नीट दिसतं. साताऱ्यात राजवाड्याच्या इमारतीत शाळा भरायची, 7 नोव्हेंबर 1900 ला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव त्याच शाळेत दाखल झालं. जुनी इमारत वापरात असते तेव्हाच टिकते, कुलपात असते तेव्हा वाळवी लागते.

वाळवीचं निघालंच म्हणून. पूर्वी चुलीचा धूर माळ्यापर्यंत जायचा आणि लाकडं काळी पडायची. जुनी माणसं म्हणतात धुराने कीड लागत नव्हती, त्यात तथ्य आहे. आता गॅस आला, धूर गेला, तेव्हा लाकडाची काळजी दुसऱ्या प्रकारे घ्यायला हवी. जाड सुई किंवा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन प्रत्येक खांबाचा तळ आणि प्रत्येक कडीचं भिंतीतलं टोक टोचून बघा. आत शिरलं तर कुजलंय. खांब पूर्ण बदलायची गरज बहुधा नसते. खालचा दीड-दोन फूट भाग कापून जुन्याच सागाचा तुकडा सांधता येतो, चांगला सुतार हे करतो. नवा साग महाग, आणि बांधावरचा साग असला तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. पडलेल्या वाड्याचं लाकूड मिळालं तर तेच घ्या.

आणि हो, दारावर ‘जुना दरवाजा विकायचा का’ विचारत येणारे येतील. कोरीव चौकट, पितळी कड्या, झोपाळा, खांबावरचे हस्त हे सगळं मुंबईत जोगेश्वरीच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात कितीला जातं याची कल्पना गावात नसते. चौकट काढली की वरची भिंतही खाली येते, हा त्यातला दुसरा भाग.

संडास, स्वयंपाकघर, वीज

आता घरात राहायचं कसं. एक साधा नियम धरला तर निम्मे प्रश्न सुटतात : ओल्या गोष्टी जुन्या भिंतीपासून लांब. संडास, बाथरूम, धुण्याची मोरी, वॉशिंग मशिन हे सगळं परसदारी, स्वतंत्र पायावर, नव्या बांधकामात. जुन्या भिंतीला चिकटवू नका, मध्ये फूटभर जागा सोडून वर छोटं छप्पर घ्या. रात्री म्हातारा माणूस पावसात भिजू नये एवढं झालं की पुरे. माडीवर कडीपाटावर बाथरूम करायचा मोह सगळ्यांना होतो. वॉटरप्रूफिंग केलंय म्हणून सांगतात. पाच वर्षांनी खालच्या तुळईला हात लावून बघा.

पाण्याची हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन. ती जुन्या भिंतीवर नाही, नव्या बांधकामावर किंवा स्वतंत्र चौथऱ्यावर. शोषखड्डा घरापासून निदान दहा-पंधरा फूट लांब, आणि आडापासून त्याहून बराच दूर.

स्वयंपाकघर जुन्या माजघरात चालतं, फक्त सिंकची भिंत नवी विटांची उभी करून तिला टाइल लावा, जुनी भिंत मागे मोकळी ठेवा. वीज हा वाड्याचा खरा शत्रू. सुकलेलं सागवान, जुन्या कापडी वायरी, वाढलेले एसी आणि गीझर. भिंती खोदून वायरी पुरू नका, मातीच्या भिंतीत खाच मारली की ती तिथून चिरते. तुळईच्या कडेने पाइपातून वायर न्यायची, दिसली तरी चालते. अर्थिंग नवं, आणि शॉक लागताच वीज तोडणारा ब्रेकर बसवलाच पाहिजे.

चौक झाकू नका. झाकला तर वर हवेला वाट ठेवून उंच झाका. उन्हाळ्यात वाडा थंड राहतो तो या चौकामुळे. भिंतीतले कोनाडे, फडताळं, बळदं यांचं काय करायचं ते तुम्हाला सांगायला नको. एका बळदात गहू मावायचा, आता शाळेची दप्तरं आणि इन्व्हर्टर मावतो.

यातलं काहीही करण्याआधी कागद

लेखात हे शेवटी आलं, कामात पहिलं. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना 8 असतो, पण तो कर आकारणीचा उतारा, मालकीचा पुरावा नव्हे. शहरात नगर भूमापनाचं मिळकत पत्रक असतं, आणि 24 एप्रिल 2020 ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन खेड्यातही ते मिळायला लागलंय. त्यावर नाव कुणाचं, ते बघा. बहुधा पणजोबांचं असतं.

मग वारस नोंद. मुली धरून. 9 सप्टेंबर 2005 पासून मुलीलाही वडिलोपार्जित मिळकतीत मुलाएवढाच जन्मतः हक्क आहे, आणि त्या दिवशी वडील हयात नसले तरी तो आहे असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलंय. आत्याला, बहिणीला न विचारता केलेलं ‘आमच्या तिघा भावांत ठरलं’ कायद्यात टिकत नाही. कुणी हक्क सोडत असेल तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलंच हवं, शंभराच्या कागदावर सह्या घेऊन भागत नाही. आणि भाडेकरू असेल तर वाडा उतरवण्याची भाषा वकिलाला विचारल्याशिवाय करू नये.

सगळ्यांची नावं लागली आणि कुणालाच हिस्सा सोडायचा नसेल तरी दुरुस्ती होऊ शकते. कोण किती घालणार, कोण राहणार, सणाला कोणती खोली कुणाची, आणि पुढे वाटणी झाली तर घातलेला पैसा कसा धरायचा, हे लिहून नोंदवा. दहा वाड्यांपैकी किती तरी भिंतीमुळे नाही, याच चार ओळी लिहिल्या नाहीत म्हणून पडतात.

परवानगीचं : कौलं बदलणं, गिलावा, रंग अशा किरकोळ दुरुस्तीला सहसा अडत नाही, पण भिंत हलवायची, मजला चढवायचा, मागे नवं बांधायचं तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत आधी विचारा. जवळ संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याचीही परवानगी लागते.

कामाला मुहूर्त दिवाळीनंतरचा. कागद पावसाळ्यातच जमवा, चुना दिवाळीत विरवा, आधी गटार आणि सांगाडा, होळीपर्यंत छप्पर, गिलावा चैत्र-वैशाखात. पहिला मोठा पाऊस लागला की रात्री बॅटरी घेऊन माळ्यावर चढा आणि जिथे थेंब दिसेल तिथल्या वाशावर खडूने फुली मारून ठेवा. सकाळी कौल सरकवायला आलेल्या माणसाला ती जागा शोधत बसावं लागत नाही.